बांगड्याच्या डोक्यातला खडा: माशाचं वय दिवसांत कसं मोजायचं, सगळं सविस्तर

ज्यांनी ढोम्याचं डोकं चोखून खाल्लंय त्यांना ही गोष्ट नवीन नाही, दाताखाली कटकन काहीतरी येतं आणि दोन पांढरे खडे ताटाच्या कडेला काढून ठेवावे लागतात. तोच ओटोलिथ. लोक त्याला कानाचं हाड म्हणतात पण ते हाड नाहीच मुळात, अरॅगोनाइट नावाच्या रूपातलं कॅल्शियम कार्बोनेट आणि त्यात थोडंसं प्रोटीन, असा तो खडा असतो, माशाला तोल सांभाळायला आणि ऐकायला लागतो. त्याची गंमत अशी की खवला पडला तर नवीन येतो, हाडातलं कॅल्शियम गरज पडली की शरीर काढून घेतं, पण या खड्यावर एकदा थर बसला की तो तिथेच राहतो. म्हणजे जन्मापासूनची वही माशाच्या डोक्यातच असते, ती वाचता आली पाहिजे एवढंच. आणि ते "एवढंच" म्हणजे काय हे मी दोन वर्षं डोळे फोडून शिकलोय, तेच इथे लिहितोय, मुख्यतः बांगड्यासाठी, पण तारली, मुडदुशी, बोईट यांनाही बरंचसं लागू पडतं.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. पुस्तकांत जी सुंदर वार्षिक वलयं दाखवतात, झाडाच्या खोडासारखी, ती बहुतेक थंड समुद्रातल्या माशांची असतात. राइबिशने १८९९ मध्ये प्लेस नावाच्या चपट्या माशाच्या खड्यावर वर्षाची वलयं मोजली, तो उत्तर युरोपातला मासा, तिथे हिवाळ्यात वाढ जवळपास थांबते म्हणून रेघ उठते. आपल्याकडे बांगड्याला कसला आलाय हिवाळा. आपल्या समुद्रात पावसाळा, अंडी घालण्याचा काळ, खाण्याचा तुटवडा अशा कशानेही खड्यावर पट्टा उमटू शकतो, आणि एका वर्षात दोन पट्टे पण उमटू शकतात, त्यामुळे दोन पट्टे दिसले म्हणून मासा दोन वर्षांचा असं कुणी ठोकून दिलं तर त्याला विचारा की हे तपासलं कसं. म्हणून लहान आणि कमी जगणाऱ्या माशांसाठी दिवसाची वलयं मोजायची. जॉर्जिओ पॅनेलाने १९७१ मध्ये दाखवलं की खड्यावर रोज एक बारीक थर बसतो, आणि तिथून हे सगळं सुरू झालं.

मासे कुठून घ्यायचे

बाजारातून घेऊ नका असं मी म्हणणार नाही, पण बाजारातला मासा कधी आणि कुठल्या जाळ्यात सापडला हे कुणालाच माहीत नसतं आणि पकडल्याची तारीखच नसेल तर जन्मतारीख काढायची कशी? सगळ्यात बरं म्हणजे रापण. किनाऱ्यावर जाळं ओढलं की मासा तुमच्या डोळ्यासमोर बाहेर येतो, तारीख माहीत, जागा माहीत, आणि छोटा-मोठा मिक्स मिळतो. मालवणला मी असाच एकदा टोपलीशेजारी बसून फक्त डोकी मागत होतो तर मासे विकणारी काकी म्हणाली, "रे मेल्या, नुसती डोकी घेवन काय करतलंस?" मी म्हटलं वय काढायचंय. तिने हातातला बांगडा उलटा केला, पोटाकडे बघितलं आणि म्हणाली, "वय? ह्यो पावसातलो. पोरांच्या शाळा चालू झाल्यो तेवा इलेलो." मी वहीत तिचं उत्तर पण लिहून ठेवलं, पुढे त्याचा उपयोग होईल. डोकी काय नुसती मिळाली नाहीत, अख्खे मासे विकत घ्यावे लागले, आणि खरं तर तसेच घ्यायचे असतात कारण लांबी मोजल्याशिवाय डोक्याला काही अर्थ नाही.

एकाच आकाराचे पन्नास बांगडे आणलेत तर वाढ कळणार नाही. प्रत्येक एक सेंटीमीटरच्या गटात साधारण दहा मासे असा हिशोब ठेवा, आणि एका जाळ्यात छोटे सापडतच नसतील तर दुसऱ्या बारीक आसाच्या जाळ्यातले आणा. आणल्या आणल्या बर्फात. प्रत्येक माशाची पूर्ण लांबी आणि शेपटीच्या खाचेपर्यंतची लांबी, दोन्ही मिलिमीटरमध्ये, वजन, नर की मादी, अंडी कितपत तयार, तारीख, जागा, जाळं, हे सगळं चिरण्याच्या आधी लिहायचं. खाचेपर्यंतची लांबी का, तर बांगड्याची शेपटी टोकाला तुटलेली असतेच निम्म्या वेळा.

आणि फॉर्मलिन! हात जोडून सांगतो, फॉर्मलिनमध्ये ठेवू नका. मी सुरुवातीला साठेक बांगडे छान बरणीत फॉर्मलिन घालून ठेवले, अगदी शिस्तीत, तीन महिन्यांनी काढले तर खडे खडूसारखे भुसभुशीत, कडा खाल्लेल्या, एकाचंही वलय दिसेना. फॉर्मलिन हळूहळू आम्लधर्मी होतं आणि आम्लात कॅल्शियम कार्बोनेट विरघळतं, शाळेत शिकलेलं असतं पण बरणी भरताना आठवत नाही. मासे ठेवायचेच असतील तर फ्रीझर, किंवा ९५ टक्के इथेनॉल.

खडा काढणं

हात बसवायला आधी ढोमा घ्या. ढोम्याच्या कुळातल्या माशांचे खडे मोठे आणि जाड असतात, चुकलात तरी हरवत नाहीत, आणि त्यावर बेडकाच्या पिल्लासारखी डोकं-शेपटीची खाच असते ती बघायला मजा येते. शिजवलेल्या डोक्यातून काढून बघितलात तरी जागा कळते, पण वाचायला कच्च्यातलाच घ्यायचा.

हाडं असलेल्या माशांत खड्यांच्या तीन जोड्या असतात, सॅजिटा, लॅपिलस आणि ॲस्टेरिस्कस. बहुतेक समुद्री माशांत सॅजिटा सगळ्यात मोठा, आपल्याला तोच हवा. अपवाद म्हणजे शिंगाळा, त्याच्यात लॅपिलस मोठा असतो, तेव्हा शिंगाळ्यात सॅजिटा शोधत बसू नका, माझी एक पूर्ण दुपार गेलीय त्यात.

बांगड्यात असं करा. मासा डाव्या हातात, तोंड तुमच्याकडे. धारदार ब्लेडने डोळ्याच्या जरा वरून मागे मानेकडे आडवा काप द्यायचा, नारळाचं वरचं टोपण उडवतो तसं, म्हणजे कवटीचं झाकण निघतं. आत मऊ पांढरट मेंदू दिसतो, तो बारीक चिमट्याने किंवा ब्रशने बाजूला सारा. मेंदूच्या मागच्या भागाखाली डाव्या-उजव्या अंगाला दोन खळगे असतात आणि त्यात पातळ पिशवीत खडा. काप फार खोल गेला तर खड्याचे दोन तुकडे, फार वर गेला तर नुसता मेंदू दिसत राहतो, साताठ मासे वाया गेले की अंदाज येतो. बांगड्याचा खडा लांबट आणि पातळ असतो, पुढे चोचीसारखं टोक, तांदळाच्या कणीसारखा, आणि ती चोच चिमट्यात दाबलीत की गेलीच. म्हणून टोकाला धरायचं नाही, खालून अलगद उचलायचा, चिमटा ओला करून घेतला तर खडा त्याला चिकटून येतो. तारलीचा तर अजून नाजूक, तिथे भिंगाखाली काम करा, वाऱ्याचा पंखा बंद करून. खरंच सांगतोय, पंख्याने उडालेत.

काढला की लगेच पाण्यात, मऊ ब्रशने त्याच्यावरची कातडी आणि रक्त साफ करायचं, कातडी सुकली की काढणं मुश्किल होतं आणि मग वलयांवर डाग दिसतो. पूर्ण वाळवून छोट्या प्लास्टिकच्या ट्यूबमध्ये किंवा ९६ खळग्यांच्या ट्रेमध्ये, डावा आणि उजवा वेगळा. नंबर पेन्सिलने लिहा, बॉलपेनची शाई स्पिरिटने जाते आणि मग तुमच्याकडे बिननावाचे चाळीस खडे उरतात.

एखादा खडा काचेसारखा पारदर्शक आणि ओबडधोबड दिसला तर तो व्हॅटेराइटचा, म्हणजे क्रिस्टलची रचनाच वेगळी, त्यात वलयं नीट येत नाहीत, बाजूला ठेवा आणि जोडीतला दुसरा घ्या.

घासणं, म्हणजे खरी परीक्षा

मुडदुशी किंवा ढोम्यासारख्यात वर्षाचे पट्टे आहेत का बघायचे असतील तर अख्खा खडा काळ्या बशीत पाण्यात नाहीतर ग्लिसरीनमध्ये बुडवून भिंगाखाली बघता येतो. ग्लिसरीनमध्ये दिवसेंदिवस ठेवू नका, इतका पारदर्शक होतो की काहीच दिसत नाही. आणि इथे सगळे गोंधळतात ती गोष्ट: काळ्या पाठीवर वरून प्रकाश टाकला तर दाट पट्टा पांढरा दिसतो आणि विरळ पट्टा काळा, आणि खालून प्रकाश सोडला की बरोब्बर उलटं. आमच्या लॅबमध्ये दोघांनी एकच खडा वाचून महिनाभर वाद घातला, शेवटी कळलं की एक जण वरचा दिवा लावत होता आणि दुसरा खालचा. तेव्हा काळा-पांढरा असं लिहू नका, दाट-विरळ लिहा, आणि दिवा कुठला तेही.

दिवसाच्या वलयांसाठी मात्र खडा घासून पातळ करावाच लागतो. काचेच्या स्लाइडवर क्रिस्टलबाँडचा (गरम केल्यावर मऊ होणारा चिकट पदार्थ) तुकडा हॉटप्लेटवर मऊ करायचा आणि त्यात खडा बसवायचा, मी खड्यावरच्या खाचेची बाजू वर ठेवतो. क्रिस्टलबाँड महाग पडतो, नाही मिळाला तर पारदर्शक नेलपॉलिश चालतं, फक्त पूर्ण वाळू द्या, एक रात्र तरी. चुकलं तर दोन्ही ॲसिटोनने सुटतात.

मग वॉटर पेपर, गाडी रंगवणारे वापरतात तोच, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. बांगड्यासारख्या पातळ खड्याला ८०० नंबरच्या कागदाने सुरुवात करू नका, १२०० आणि मग २००० (नंबर जितका मोठा तितका कागद बारीक), पाणी टाकून, आठच्या आकड्यासारखा हात फिरवत. दहा फेऱ्या मारा, धुवा, मायक्रोस्कोपखाली बघा. पुन्हा दहा फेऱ्या. हे कंटाळवाणं आहे आणि म्हणूनच लोक घाई करतात आणि गाभा घासून टाकतात, गाभा गेला की जन्माजवळची वलयं गेली आणि तो खडा फुकट. मधला गाभा, एक छोटा काळपट ठिपका आणि त्याभोवती पहिली ठळक रेघ, हे फोकसमध्ये यायला लागलं की थांबायचं. मग गरम करून खडा उलटा बसवायचा आणि दुसऱ्या बाजूने तसंच. शेवटी ०.३ मायक्रॉनच्या ॲल्युमिना पावडरने ओल्या कापडावर पॉलिश, ओरखडे जातात. ओरखडे आणि वलयं यातला फरक म्हणजे ओरखडा सरळ जातो, वलय वळतं. पहिले वीस खडे खराब होणार हे धरूनच मासे जास्त आणा.

मोठ्या, जाड खड्याला हे चालत नाही, तो इपॉक्सीत ओतून डायमंड ब्लेडच्या कमी स्पीडच्या करवतीने गाभ्यातून आडवा पातळ काप घ्यावा लागतो. ते मशीन सगळ्यांकडे नसतं, बांगडा-तारलीला त्याशिवाय भागतं.

मोजणी

स्लाइडवर इमर्शन ऑइलचा (मायक्रोस्कोपसाठी मिळणारं पारदर्शक तेल) एक थेंब टाका, बारीकसारीक ओरखडे झाकले जातात आणि वलयं उघडी पडतात. ४०० पट मोठं करून बघा, गाभ्याजवळ १००० पट लागू शकतं. एक फिकट रुंद पट्टा आणि एक गडद बारीक रेघ मिळून एक दिवस. फिकट भागात कॅल्शियम जास्त, गडद भागात प्रोटीन जास्त.

कंडेन्सर (मायक्रोस्कोपच्या खालून येणारा प्रकाश आवरणारा भाग) थोडा बंद केला की रेघा उठून दिसतात, पण मोह आवरा, जास्त बंद केला तर नसलेल्या रेघा पण दिसायला लागतात. आणि एका दिवसाच्या आत उमटलेल्या खोट्या रेघा हा तर कायमचा त्रास. त्यावर एक जुनी युक्ती आहे, बारीक फोकसचा स्क्रू अगदी थोडा मागे-पुढे फिरवायचा, खरी दिवसाची रेघ टिकते आणि खोटी शेजारच्यात मिसळून जाते. तरी शंका राहिली तर आजूबाजूच्या वलयांची रुंदी बघा, तीन-तीन मायक्रॉनच्या रांगेत मधेच दीड-दीडच्या दोन आल्या तर त्या बहुतेक एकच दिवस.

फोटो काढून इमेजजे मध्ये मोजणं सोपं पडतं, सॉफ्टवेअर फुकट आहे, फक्त आधी स्टेज मायक्रोमीटरचा (बारीक मोजपट्टी कोरलेली स्लाइड) फोटो घेऊन स्केल सेट करा. पण नुसत्या फोटोवर मोजू नका, फोटोत फोकस फिरवता येत नाही, फोटो आणि मायक्रोस्कोप शेजारी-शेजारी ठेवा. गाभ्यापासून कडेपर्यंत एक ठराविक रेषा धरायची आणि सगळ्या माशांत तीच, एखाद्या जागी धूसर असेल तर ठळक वलयावरून बाजूला सरकून पुढे जायचं.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. मोजताना माशाची लांबी माहीत असता कामा नये. मला माहीत होतं की हा मोठा बांगडा आहे तर माझ्या मोजणीत नकळत दहा-पंधरा वलयं वाढायची, आणि ते मी स्वतःवर टेस्ट करून बघितलंय. दुसऱ्या कुणालातरी नंबर बदलून द्यायला सांगा. प्रत्येक खडा तीनदा मोजायचा, मध्ये आठवडा-दोन आठवडे जाऊ द्यायचे, जमल्यास दुसऱ्या माणसाकडून पण. समजा तीन मोजण्या ११४, ११८, १२२ आल्या, सरासरी ११८, स्टँडर्ड डेव्हिएशन ४, ४ भागिले ११८, म्हणजे फरकाचं प्रमाण ३.४ टक्के. पाच टक्क्यांच्या आत आलं तर ठीक असं साधारण मानतात. जास्त आलं तर चौथ्यांदा मोजा, तरी जुळेना तर तो खडा बाद करा आणि किती बाद केले तो आकडा लपवू नका. पण लक्षात घ्या, तिन्ही वेळा सारखंच आलं म्हणजे बरोबर आलं असं नाही. माणूस तीच चूक तीनदा अगदी अचूक करू शकतो.

रोज एकच, हे कशावरून?

जी जात तुम्ही वाचताय तिच्यात खरंच रोज एक वलय पडतं का, हे कुणीतरी सिद्ध केलेलं असायला लागतं. सरळ पद्धत म्हणजे जिवंत पिल्लांना ऑक्सिटेट्रासायक्लिन (एक अँटिबायोटिक) किंवा ॲलिझारिन (एक रंग) घातलेल्या पाण्यात काही तास ठेवायचं, खड्यावर चमकणारी रेघ उमटते, मग समजा २० दिवसांनी मासा मारून फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपखाली त्या रेघेच्या बाहेर वलयं मोजायची. वीस आली तर ठीक. बांगडा टाकीत जगवणं हे कठीण काम आहे, घाबरट मासा, भिंतीवर आपटून मरतो, मुडदुशी किंवा बोईट त्यामानाने सोपे.

पहिलं वलय कधी पडतं हे पण जातीनुसार बदलतं, काहींत अंड्यातून बाहेर आल्यावर लगेच, काहींत पिवळा बलक संपल्यावर काही दिवसांनी. तेवढे दिवस मोजणीत मिळवायचे. आणि दुसऱ्या टोकाला, मासा मोठा झाला की वाढ मंदावते, वलयं एक मायक्रॉनच्याही खाली जातात, साध्या मायक्रोस्कोपला ती वेगळी दिसतच नाहीत. त्यामुळे पहिल्या पाच-सहा महिन्यांपर्यंत मोजणीवर भरवसा ठेवा, त्यापुढे वय कमी लागण्याचीच शक्यता जास्त. २४ सेंटीमीटरच्या बांगड्याचं दिवसांत वय सांगणारा माणूस दिसला तर त्याचा फोटो मागा, म्हणजे खड्याचा.

आकड्यांचं काय करायचं

काकीच्या टोपलीतला तो बांगडा आठवतोय ना. १० नोव्हेंबरला पकडलेला, १४.२ सेंटीमीटर, वलयं ११८. मागे मोजत जा, नोव्हेंबरचे १०, ऑक्टोबरचे ३१, सप्टेंबरचे ३०, ऑगस्टचे ३१, झाले १०२, राहिले १६, म्हणजे १५ जुलै. पहिल्या वलयाआधीचे दिवस धरले तर अजून दोन-चार दिवस मागे. काकी महिन्याभराने चुकली, तेही भिंगाशिवाय, आणि मी त्या एका माशावर चार दिवस बसलो होतो. तिला जाऊन सांगितलं तर म्हणाली, "मगे पावसातलोच ना?"

वाढीचा सरासरी वेग काढायचा तर जन्माच्या वेळचं पिल्लू साधारण ३ मिलिमीटर धरा, १४२ मधून ३ गेले १३९, भागिले ११८, रोज १.१८ मिलिमीटर. एका माशावरून एवढंच. पण असे शंभरेक मासे झाले की जन्मतारखांचा महिन्यावार आलेख काढा, मग दिसतं की आत्ता हाती लागलेली पिल्लं पावसाच्या कुठल्या आठवड्यातली जास्त आहेत. लक्षात ठेवा, यात जगले वाचले तेवढेच मासे दिसतात, जे मेले ते कुठल्या महिन्यातले हे खडा सांगत नाही.

वाढीची रेषा बसवताना बहुतेक लोक डोळे झाकून फॉन बर्टालान्फीचं १९३८ सालचं समीकरण घेतात, कमाल लांबी, ती गाठायचा वेग आणि सुरुवातीचा काल्पनिक बिंदू असे तीन आकडे निघतात. आर या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरमधल्या एफएसए पॅकेजमध्ये पाच ओळींत होतं. पण तुमच्याकडे फक्त चार महिन्यांपर्यंतची पिल्लं असतील तर ते समीकरण कमाल लांबी चक्क ६० सेंटीमीटर पण सांगेल, कारण रेषा वाकलेलीच नसते अजून. अशा वेळी साधी सरळ रेषा किंवा गोम्पर्ट्झचं वाढीचं समीकरण बसवा, आणि तिच्यावरून म्हाताऱ्या बांगड्याबद्दल काही बोलू नका. मोठ्यांसाठी दर महिन्याला शेकडो माशांची लांबी मोजून गटांचं सरकणं बघायची जुनी पद्धत आहे, आपल्याकडे बरंचसं काम तसंच झालंय, आणि खड्यावरचं वय त्याच्याशी ताडून बघणं हेच सगळ्यात उपयोगाचं. दोन्ही जुळत नसतील तर आधी स्वतःच्या मोजणीवर संशय घ्या.

शेवटचं काम म्हणजे आवराआवर, जी कुणी करत नाही. घासलेली स्लाइड फेकू नका, जोडीतला दुसरा खडा तसाच कोरडा ठेवा, ट्यूबवर माशाचा नंबर, तारीख, जागा, जाळं, आणि डब्यात सिलिका जेलची पुडी. कोकणातल्या दमट हवेत पुडी दर पावसाळ्याआधी बदलायची, आणि डबा फॉर्मलिनच्या कपाटात तर अजिबात ठेवायचा नाही, त्याची वाफ पण पुरते.